गोळीबंद पाक आणि २०० किलोमीटर

हिवाळा लागला की विदर्भातल्या घराघरांत लाडवांचे डबे भरायला लागतात. डिंकाचे, मेथीचे, जवसाचे, तिळाचे. रात्री ओलिताला जागणाऱ्या, सकाळी कापूस वेचायला निघणाऱ्या माणसासाठी ते लाडू नेमके आहेत. एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक दम धरते. याच चार महिन्यांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड होतात. बाकीचं वर्ष एक तर ऊन टिकू देत नाही, नाही तर पाऊस. मग पहाटे निघताना घरचे चार डिंकाचे लाडू पिशवीत टाकायचे, हा हिशेब कुणीही करील. आणि ७०-८० किलोमीटरवर पोट गच्च, तोंडाला कोरड, करपट ढेकर आणि पायात मात्र काहीच नाही, अशी अवस्था होते.

लाडवाचा यात दोष नाही. तूप, खोबरं, बदाम, डिंक, जवस यांनी बांधलेल्या लाडवात चरबीचा वाटा मोठा असतो, आणि चरबी जठरातून सावकाश पुढे सरकते. शेतावर किंवा घरी हाच तिचा गुण. सायकलवर मात्र रक्ताचा ओघ पायांकडे वळलेला असतो, पचनाच्या वाट्याला कमी येतं, आणि लाडू तासन्‌तास पोटातच बसून राहतो. त्या वेळी शरीराला हवी असते साखर आणि पिठूळ पदार्थ, म्हणजे कर्बोदकं. तीही थोडी थोडी, सतत.

किती, याचा अंदाज बांधता येतो. साधारण प्रकृतीच्या माणसाच्या स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साखरेचा साठा असतो. नेटाने पॅडल मारलं तर दीड-दोन तासांत तो खाली जाऊ लागतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे घरून खाऊन निघालेलं फार तर पहिल्या फाट्यापर्यंत पुरेल, पुढचं सगळं वाटेत भरावं लागतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे बहुतेकांना झेपणारं माप आहे. नवख्याने ३० पासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांच्या सरावात ५०-६० पर्यंत जावं, कारण पोटालाही सवय लागते. गुळाबद्दल इथेच सांगून टाकतो. त्यातला मुख्य भाग उसाची साखर, आणि पोटात तिचे दोन समान भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आतड्यातून दोघांचे रक्तात जायचे दरवाजे वेगळे आहेत, त्यामुळे एका दरवाजावर गर्दी होत नाही. सायकलस्वारांच्या महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटात हीच जोडी मुद्दाम मिसळलेली असते. आपल्या भेलीत ती आयती आहे.

पण आकड्यांच्या आधी एक साधी कसोटी आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी: घास चालत्या सायकलवर गिळता आला पाहिजे. तोंड कोरडं असतं, श्वास तोंडाने चाललेला असतो, एक हात हँडलवर अडकलेला असतो आणि समोरून उसाने किंवा कापसाने भरलेला ट्रॅक्टर येत असतो. अशा वेळी जे चावायला वेळ लागतं, ज्याचा भुगा श्वासात जातो, जे दाढेत अडकतं, ते कितीही पौष्टिक असलं तरी पिशवीतच राहतं. घरी तपासायचं असेल तर अंगणात पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा आणि धाप लागलेली असतानाच घास तोंडात टाका. दहा-बारा वेळा चावून, पाणी न पिता तो खाली उतरला तर पदार्थ कामाचा.

या कसोटीवर घरच्या पदार्थांत मी पहिला नंबर मुरमुऱ्याच्या मऊ वडीला देतो. साहित्य सगळं कुठल्याही आठवडी बाजारात मिळतं. मुरमुरे १०० ग्रॅम, गूळ १६० ग्रॅम, भाजून सोललेले फल्लीदाणे (शेंगदाणे) ४० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, तूप एक लहान चमचा, मीठ ३ ग्रॅम म्हणजे सपाट अर्धा लहान चमचा, आणि पाव लिंबू. एवढ्यात बारा वड्या होतात. एक वडी साधारण २७ ग्रॅमची आणि तिच्यात १९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दाणे कमी वाटतील. घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, ‘मूठभर अजून टाक, ताकद येईल.’ टाकू नका. दाण्यांचं वजन निम्मं तेलच असतं. इथे ते चवीपुरते आणि वडीला जरा चावा यावा एवढ्यापुरतेच हवेत.

मुरमुरे आधी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजून घ्या. चिमटीत धरून दाबल्यावर कुरकुरीत चुरा झाला पाहिजे. बाजारातला मुरमुरा हवेतला ओलावा धरून असतो, आणि तो तसाच वापरला तर वडी चामट तर होतेच, शिवाय पाकही त्याला नीट धरत नाही. भाजलेले मुरमुरे गरमच ठेवा, गंजावर झाकण घालून चुलीच्या कडेला. थंड मुरमुऱ्यांवर पाक पडला की पडल्या जागी घट्ट होतो. एकीकडे ढेकळं आणि दुसरीकडे कोरडे मुरमुरे असं होऊन बसतं. दाणे जाडसर कुटा, तीळ तडतडेपर्यंत भाजा. थाळीला तूप लावून हाताशी ठेवा, कारण पाक झाल्यावर शोधाशोध करायला सवड मिळत नाही.

आता पाक. कढईत गूळ फोडून घाला, दोन मोठे चमचे पाणी, मध्यम आच. गूळ विरघळला की एकदा उतरवून गाळून घ्या. भेलीत वाळू, पोत्याचे धागे, काड्या काहीही असतं आणि सायकलवर दाताखाली खडा येणं परवडत नाही. परत चढवून लिंबू पिळा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात आणि फटाफट फुटतात. ते पाणी उडत असल्याचं लक्षण. मग हळूहळू बुडबुडे बारीक आणि दाट होतात, फेस गडद होतो, सराट्यावरून धार जड पडायला लागते. इथून पुढे कढईवरून नजर काढायची नाही. वाटीत गार पाणी घ्या आणि पाकाचा एक थेंब त्यात सोडा. विरघळून पाणी तांबूस झालं तर पाक कच्चा. थेंब तळाशी बसला, बोटांनी गोळा करता आला, पण पाण्याबाहेर काढताच बोटावर चपटा झाला, तर ती मऊ गोळी. थर्मामीटर असेल तर सुमारे ११५ अंश. गोळी बाहेर काढल्यावर आकार धरून राहिली, पण दाबल्यावर दबली, तर ती घट्ट गोळी, १२० अंशांच्या आसपास. आणि थाळीवर टाकल्यावर टण्ण वाजली, चावल्यावर कडकन तुटली, तर तुम्ही १४० च्या पुढे गेलात. तो चिक्कीचा पाक, आपल्या उपयोगाचा नाही. चुलीवर करत असाल तर प्रत्येक तपासणीच्या वेळी कढई खाली उतरवा. निखाऱ्याची धग तुम्ही वाटीत बोट घालून बघेपर्यंतसुद्धा पाकाला पुढे नेते.

लिंबू चवीसाठी नाही. आंबटपणामुळे उसाच्या साखरेतली थोडी साखर पाकातच फुटते आणि थंड झाल्यावर पाक पुन्हा रवाळ होत नाही. लिंबू नसेल तर दोन दिवसांत वडी खडबडीत, कोरडी होते आणि घशाला लागते. पण अर्ध्याहून जास्त पिळलं तर पाक कधी धरतच नाही, वडी कायम चिकट राहते.

पाक तयार झाला की आच बंद, तूप आणि मीठ आत, मग मुरमुरे, दाणे, तीळ. अर्ध्या मिनिटात सगळं हलवून थाळीत ओता. वाटीच्या बुडाला तूप लावून जोर देऊन दाबा, दोन सेंटिमीटर जाडीपर्यंत. खाऊच्या वडीपेक्षा ही वडी जास्त दाबायची असते. हलकी, फुललेली वडी घरी छान लागते, पण पिशवीत खड्ड्याखड्ड्यांनी तिचा चुरा होतो. आणि आडफाट्यांवरचे आपले रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. पाच-सात मिनिटांनी, कोमट असतानाच सुरीने कापा. दोन घासांत संपेल एवढी एकेक वडी. पूर्ण थंड झाल्यावर कापायला गेलात तर कडा ढासळतात.

यात खरी गंमत हंगामाची आहे, आणि पाककृती लिहिणारे ती सहसा सांगत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास असतो, कधी त्याहून खाली. चिखलदऱ्याकडे, हजार मीटरहून उंचावर, आणखी गारठा. घट्ट गोळीच्या पाकातली वडी त्या थंडीत इतकी कडक होते की दात घालवत नाही. हीच वडी फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी दोन वाजता, पारा ३५ च्या घरात गेला की, कागदाला चिकटून लोंबते. म्हणून पाक महिन्यानुसार बदलायचा. कडाक्याच्या थंडीत मऊ गोळीवर थांबा, ११५ ला. संक्रांत उलटून ऊन चढायला लागलं की घट्ट गोळीपर्यंत न्या, १२० ला. पाच अंशांचा फरक आहे, मंद आचेवर दोन-तीन मिनिटांचा. पण त्यावर वडी खाल्ली जाणार की पिशवीत राहणार हे ठरतं. एकच राइड पहाटेच्या थंडीत सुरू होऊन दुपारच्या उन्हात संपणार असेल तर दोन घाणे करावेत आणि मऊ वड्या आधी संपवाव्यात. थंडीत वडी फ्रेमवरच्या पिशवीत ठेवण्यापेक्षा जर्सीच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली तर चांगली राहते.

बिघडलं तर काय? वडी कापताना भुगा झाला म्हणजे पाक पुढे गेला, कमी पडला किंवा दाबायला उशीर झाला. सगळं परत कढईत घाला, चमचाभर गरम पाणी शिंपडा, मंद आचेवर दोन मिनिटं हलवा आणि पुन्हा दाबा. रूप जातं, काम होतं. वडी बोटांना चिकटत असेल तर पाक कच्चा राहिला. ती डाळव्याच्या पिठात किंवा राजगिऱ्याच्या लाह्यांत घोळवून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी मुरमुरे मऊ पडले तर काहीच बिघडलेलं नाही. पाकातला ओलावा त्यांनी ओढला, एवढंच. सायकलवर कुरकुरीतपणा नकोच आहे. कुरकुरीत घासाचा भुगा उडतो आणि ठसका लागतो.

गोडाची मजा मात्र पाच-सहा तासच. त्यानंतर गूळ नुसता दिसला तरी तोंड फिरवावंसं वाटतं, आणि लोक खाणंच बंद करतात. तिथून पुढे घसरण सुरू होते: चिडचिड, हातांना कंप, चढ नसतानाही गिअर हलका करावासा वाटणं. म्हणून पिशवीत खारट काही तरी असायलाच हवं, आणि पूर्व विदर्भातल्या घरांत त्याचं उत्तर रोज शिजतं. भात.

भाताची वडी जमायला नवा तांदूळ लागतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो, जेवायला तोच बरा. वडीला चिकटपणा हवा. आपल्याकडचा एचएमटी यासाठी चांगला. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धुऱ्याआतल्या धानात एकेक लोंबी निवडत तयार केला. २०१८ साली ते गेले, पण त्यांचा तांदूळ भंडारा-गोंदियापासून पुढे कुठे कुठे शिजतो. २०० ग्रॅम तांदूळ, ५५० मिलिलिटर पाणी, ५ ग्रॅम मीठ, कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. गरम असतानाच लाकडी चमच्याने घोटा. काही शितं मोडली की त्यातलं पिठूळपण बाहेर येतं आणि बाकीची शितं त्याने धरली जातात. त्यात २० ग्रॅम गूळ, एका लिंबाचा रस, आणि लहान चमचाभर तेलात मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. सांभार (कोथिंबीर) घालू नका, हिरवं पान उन्हात लवकर नासतं. आणि मिरची नको, भिवापुरी तर नकोच. वाकून बसलेल्या अवस्थेत तिखट घशाशी येतं. तूप लावलेल्या डब्यात दाबून दहा तुकडे करा. एका तुकड्यात १७-१८ ग्रॅम कर्बोदकं आणि वडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी, त्यामुळे कोरड्या तोंडातही तो सहज उतरतो.

या वडीची एक अट मात्र कडक आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर गरम करूनही जात नाही. त्याचा परिणाम म्हणजे उलट्या, तेही घरापासून १०० किलोमीटरवर. म्हणून भात रात्री शिजवून ओट्यावर ठेवायचा नाही. पहाटे पाचला निघायचं तर साडेतीनला कुकर लावा, भात परातीत पसरून लवकर थंड करा, मग दाबा. गरम गरम कागदात गुंडाळलात तर आत वाफ धरते आणि तुम्हीच जिवाणूंची सोय करता. सकाळी नऊपर्यंत या वड्या संपल्या पाहिजेत. लिंबाने थोडी मदत होते, पण त्याच्या भरवशावर दुपारपर्यंत नेऊ नये. दुपारच्या खारटासाठी उकडलेले लहान बटाटे बरे. सालीसकट उकडा, पूर्ण गार करा, निघायच्या आधी सोलून मीठ चोळा. १०० ग्रॅम बटाट्यात १८-२० ग्रॅम कर्बोदकं असतात.

खजुराचं काम सगळ्यात सोपं, चूलच पेटवायची नाही. बिया काढलेला २०० ग्रॅम मऊ खजूर, राजगिऱ्याच्या लाह्या ४० ग्रॅम, डाळव्याचं पीठ ३० ग्रॅम, दोन चिमटी मीठ, आणि मिळत असेल तर अर्ध्या संत्र्याची वरची नारिंगी साल किसून. साल किसताना खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवट लागतो. मळून वीस-वीस ग्रॅमच्या गोळ्या करा आणि वरून लाह्यांत घोळवा. गोळीला १४ ग्रॅम कर्बोदकं. खजूर कडक असेल तर पाच मिनिटं वाफवा. खारकेची पूड वापरून बघायचा मोह होतो. ती सगळी लाळ ओढून घेते, टाळा. आणि खजुराच्या गोळ्या तासाला दोनच्या वर नकोत. त्यात चोथा बराच असतो आणि तो पोट हलवतो. हायवेच्या कडेला, आडोसा नसलेल्या टप्प्यात, तो अनुभव कुणालाही नको.

काही पदार्थ नावानं मोठे आणि सायकलवर निरुपयोगी. ज्वारीच्या लाह्यांवर माझं प्रेम आहे, पण त्यांची टरफलं टाळूला चिकटतात आणि घशात खुपतात. फुटाणे कोरडे, चोथ्याचे, चावायला वेळखाऊ. चहाच्या टपरीवर थांबून खा. फल्लीची चिक्की सायकलवरून उतरल्यावरची, किंवा ४००-६०० च्या ब्रेव्हेतल्या रात्रीसाठी, जेव्हा वेग कमी असतो, थंडी असते आणि सावकाश पचणारं इंधन चालतं. सातू बाटलीत घालणारे पुष्कळ आहेत. तो तळाशी बसतो, बाटलीचं तोंड चोंदतं, आणि गव्हा-चण्याचं पीठ पोटात फुगतं. त्याची वेळ राइड संपल्यावरची: ५० ग्रॅम सातू, २५ ग्रॅम गूळ, मीठ, थंड पाणी, पोहोचल्यापासून अर्ध्या तासात. थकलेल्या स्नायूंना त्या वेळी साखर आणि प्रथिनं दोन्ही हवी असतात आणि सातूत ती आहेत.

मोहफुलांचं वेगळं सांगायला हवं. गडचिरोली-गोंदियाकडे वाळलेल्या मोहाचे लाडू करतात आणि मला ते सायकलच्या पिशवीत शोभतात असं वाटतं. फुलातली साखर बव्हंशी ग्लुकोज-फ्रुक्टोजच्याच रूपात असते. आतले केसर काढून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पुन्हा वाळवून, खमंग भाजून कुटायचा, निम्म्या वजनाचे भाजलेले तीळ मिसळायचे. पण वास तीव्र आणि चव सगळ्यांच्या सवयीची नाही. आधी घरी आठ-दहा दिवस थोडा थोडा खाऊन बघा. हे खरं तर प्रत्येक पदार्थाला लागू आहे. नवी वडी ब्रेव्हेच्या दिवशी पहिल्यांदा खायची नाही.

आता बाटली. दोन ठेवा. एकीत नुसतं पाणी, दुसरीत गोड-खारट. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला ४० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ म्हणजे सपाट पाव लहान चमचा, अर्धं लिंबू. गूळ वापरायचा तर ४५ ग्रॅम, विरघळवून फडक्यातून गाळून. यापेक्षा गोड केलं तर ते जठरातून उशिरा पुढे जातं आणि तहान वाढते. वडी खाल्ली की वर साधंच पाणी प्या, गोड नाही. नाही तर पोटात पुन्हा पाकच तयार होतो. मिठाची टाळाटाळ नको. घामातून लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम सोडियम सहज जातं, आणि दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं ही त्याची चिन्हं. गुळाचं पाणी उन्हात फार वेळ ठेवू नका, आंबूस होतं. आणि घरी पोहोचल्याबरोबर बाटलीचं झाकण उघडून ब्रशने धुवा, बुरशी तिथेच धरते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी यातलं साखरेचं-मिठाचं माप आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

कागदाची गोष्ट लोक हलक्यात घेतात. अॅल्युमिनियमच्या फॉइलचे तुकडे फाटून तोंडात जातात. बटर पेपरचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोन कापा, वडी मध्ये ठेवून गुंडाळा, एक टोक घट्ट पिळा, दुसरं नुसतंच दुमडा. दुमडलेलं टोक दातात धरून ओढलं की वडी अर्धी बाहेर येते आणि खालून बोटाने वर ढकलता येते. चेनचं तेल आणि काळ्या मातीचा चिखल लागलेला हात खाण्याला लागत नाही. थंडीत हातमोजे असतील तर दुमडलेलं टोक दोन बोटं लांब ठेवा. रिकामा कागद खिशात परत. रस्त्याच्या कडेला गोड कागद टाकला की जनावरं तो चाटून गिळतात. आणि रात्री भरून ठेवलेली पिशवी खुंटीला टांगू नका, मुंग्या पहाटेपर्यंत दोरीवरून उतरतात. स्टीलच्या डब्यात ठेवून डबा पाण्याच्या थाळीत ठेवा.

खायला सुरुवात भूक लागायच्या आधी करायची. निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात पहिली वडी, मग दर वीस मिनिटांनी एक. गोड बाटली चालू असेल तर तासाला दोन पुरेत. चढाच्या पायथ्याशी तोंडात काही घालू नका, माथ्यावर पोहोचून श्वास बसल्यावर खा. घड्याळाला वीस मिनिटांचा गजर लावावा, कारण सकाळच्या गार हवेत, पाय चांगले चालत असताना, खाण्याची आठवणच होत नाही.

२०० किलोमीटरचा हिशेब घालून बघू. अकरा तासांची राइड, तासाला ५० ग्रॅम धरले तर ५५० ग्रॅम लागतात. बारा मुरमुऱ्याच्या वड्यांतून २३०, पाच भाताच्या वड्यांतून ९०, तीन गोड बाटल्यांतून १२०. झाले ४४०. उरलेलं रस्ता देतो. दोन केळ्यांतून ५० येतात. नाक्यावरच्या प्लेटभर पोह्यांतून सुमारे ४०, पण तर्री न घेता. तर्री म्हणजे तेल आणि तिखट, ती राइड संपल्यावर मनसोक्त घ्या. गोड चहातून आणखी थोडं. वरुड, मोर्शी, काटोलच्या बाजूला असाल आणि आंबिया बहाराची संत्री उतरत असतील तर एका फळातून बारा-चौदा ग्रॅम साखर आणि घसा ओला करणारं पाणी मिळतं. एका वेळी दोनच खा, आंबटपणा रिकाम्या पोटाला झोंबतो. शेगावच्या वाटेवर कचोरीचा वास येतोच. ती तळलेली आहे, पुढे ५० किलोमीटर बाकी असतील तर बांधून घ्या.

मुरमुऱ्याची वडी घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात आठ-दहा दिवस चांगली राहते. त्यानंतर दाण्याला खवट वास येऊ लागतो. खजुराच्या गोळ्या दोन आठवडे. भाताचं उरलेलं त्याच दिवशी टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. आणि घरी आल्यावर पिशवी धुवायच्या आधी उरलेल्या वड्या मोजा. बारातल्या पाच परत आल्या असतील तर कुठल्या तासापासून खाणं थांबलं ते आठवून वहीत लिहा. सकाळीच थांबलं असेल तर पाक त्या थंडीला जास्त कडक झाला होता, पुढचा घाणा तीन अंश आधी उतरवा. दुपारनंतर थांबलं असेल तर गोडाचा कंटाळा आला होता. पुढच्या वेळी चार वड्या कमी करून तेवढे मीठ चोळलेले बटाटे घ्या.